किंमत आणि मूल्य

‘किंमत’ आणि ‘मूल्य’ हे शब्द आपण समानार्थी मानतो. त्यांतील अंतर मला शब्दकोशाने नव्हे, घराच्या मूल्यांकनाने शिकवले.

आईच्या पश्चात घर माझ्याकडे राहावे आणि ताईला तिच्या अर्ध्या हिश्शाची रक्कम मी द्यावी, असे ठरले. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकक येणार होते. मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या मी काढून ठेवल्या. माळा आवरला, मोजमापाच्या सोयीसाठी कपाटे भिंतींपासून सरकवली. माजघरातील ओलीचा डाग तेवढा तसाच ठेवला. बांधकामाचे वय पाहून घसारा धरतात, दुरुस्तीची निकड दिसली की रक्कम घटते, हे मला ठाऊक होते. वस्तुतः गळती गेल्या वर्षीच थांबली होती. छप्पर नवे केल्याची पावती खणात होती. ती न दाखवता मी खोटे काहीच बोललो नसतो, आणि तरीही ताईचा हिस्सा कमी झाला असता.

चिन्हाचे मूल्य त्याच्या एकट्यात नसते, इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ते ठरते, हा सोस्यूरचा विचार मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. त्या सकाळी तो मला नव्याने कळला. पावती मी सर्व कागदांच्या वर ठेवली.

आकडा मोठा आला. मला कर्ज काढावे लागले. भाऊबीजेला ताई याच घरी आली.

आता आपल्या घरातील एखाद्या वस्तूविषयी हे दोन्ही शब्द योजून तुम्ही वाक्ये लिहून पाहा.