पाचवी तार

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की पांढरी तीनचा स्वर लागतो, सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. त्याच्या खाली त्या वाद्यात स्वरच नाही. रॉक वाजवणाऱ्यांना याचा फारसा जाच होत नाही, कारण तिथली कितीतरी गाणी या मोकळ्या तारेच्या सोयीनेच बांधलेली असतात. आमच्याकडे भजनात मात्र पट्टी गायकाच्या गळ्यावर ठरते आणि साथीच्या वाद्याला तिथवर जावं लागतं.

मी ग्वाल्हेरला लष्करात राहते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून राजधानी इथे आणली. त्यांच्या फौजेची छावणी जिथे पडली, त्या वस्तीला लष्कर हेच नाव राहिलं. फौजेबरोबर आलेली मराठी घरं इथेच रुजली, आणि गणपतीतले भजनाचे कार्यक्रमही. गाणं तर या गावाच्या अंगातच आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी इथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली आणि मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकरांना शिकवली. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीताचं शहर’ म्हणून मान दिला. अशा गावात अभंगांना बेस गिटारची साथ करायची म्हणजे समोर बसलेल्या निम्म्या श्रोत्यांना खरज नीट कळतो, हे धरूनच चालावं लागतं.

आमच्या भजनी मंडळातले बुवा काळी एकमध्ये गातात. त्यांचा खालचा सा, म्हणजे ज्या सावर बेसने पाय रोवायचा तो, सुमारे ३४.६ कंपनांचा. माझ्या चार तारांच्या गिटारवर तो नव्हताच. मी एक सप्तक वरचा सा वाजवायची. पण त्या जागी हार्मोनियमचा मंद्र आणि पखवाजाचा धामा आधीच बसलेले असतात. तिथे बेस शिरली की सगळंच गढूळ होतं. मंडळात माझी आत्याही गाते, ती पांढरी पाचमध्ये. तिचा सा मला मिळायचा, पण त्याखालचा पंचम हाती लागत नसे. सम येताना खालच्या पंचमावरून सावर यावं, असा मोह होई आणि तो तिथेच जिरे.

तार सैल करून पाहणं हा यावरचा बिनखर्ची उपाय. पांढरी तीनची तार काळी एकपर्यंत उतरवली की तिच्यावरचा ताण सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. मग ती फ्रेटवर खडखडते, आणि जोरात छेडली की आरंभी स्वर चढा लागून मग खाली येतो. शिवाय बुवांनंतर आत्याचा अभंग असला की पुन्हा जुळवणी. दुसरा उपाय म्हणजे चारही तारा बदलून पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार लावणं. नटच्या खाचा जरा रुंद कराव्या लागतात. बाकी खर्च फक्त तारांचा. ज्याला खालचंच काम करायचं आहे त्याने हा मार्ग अवश्य धरावा. मला दोन कडव्यांमधल्या जागेत वरच्या तारेवर चालीचा तुकडा वाजवायचा असतो, म्हणून ती तार सोडणं मला जमणारं नव्हतं.

मग पाच तारा की सहा? लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा चार तारा आणि ३४ इंचांची लांबी हा जणू नियम झाला. १९७५ मध्ये अँथनी जॅक्सनने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बेस करवून घेतली. १९८७ मध्ये म्युझिक मॅनची पाच तारांची स्टिंगरे आली. हाच प्रश्न आपल्या सतारीनेही सोडवलेला आहे. रविशंकरांनी खरज आणि लरजाच्या तारा ठेवल्या, कारण त्यांना आलापात खाली खोल उतरायचं होतं. विलायत खाँनी त्या काढून टाकल्या, कारण त्यांना गळ्यासारखी गायकी वाजवायची होती. दोघांनीही आपल्या गाण्याकडे पाहून तारा ठरवल्या. माझ्या गाण्याला खालची एक तार हवी होती. वरच्या सहाव्या तारेचं काही काम नव्हतं.

हाताशी ३० हजार रुपये होते. मुलांच्या शिकवण्या आणि भिशी मिळून जमलेले. त्यातून तारा, सेटअप आणि घरी वाजवायची सोयही करायची होती, त्यामुळे प्रत्यक्ष वाद्यासाठी बावीस-तेवीस हजारांच्या वर जायचं नव्हतं. एवढ्यात नवं पण अगदी प्राथमिक दर्जाचं वाद्य येतं, किंवा एक पायरी वरचं वापरलेलं.

या दोहोंत निवड करताना पाचवी तार मुळात अवघड का, हे समजून घेतलं ते फार उपयोगी पडलं. ही तार पांढरी सातची, सुमारे ३१ कंपनांची. शेजारच्या तारेइतकीच जाड ठेवून ती इतकी उतरवली तर ताण निम्म्याच्या जरा वर उरेल. म्हणून ती जाड करतात, शेजारची ०.१०५ इंच, तर ही बहुधा ०.१३०. पण जाड तार ताठ होते, आणि ताठ तारेतले वरचे स्वरांश किंचित चढे निघतात. तिथून गढूळपणा सुरू होतो. चांगली तार बारीक गाभ्यावर वेढे देऊन केलेली असते, त्यामुळे ती जाड असूनही लवचीक राहते. काही वाद्यांत लांबी ३४ ऐवजी ३५ इंच असते. त्याने त्याच तारेवर जवळपास सहा टक्के जास्त ताण मिळतो. नेक ताठ असावी लागते, आणि ब्रिजवर त्या तारेचा आधार पुरेसा मागे सरकायला हवा, नाहीतर वरच्या फ्रेटवर ती बेसूर बोलते. स्वस्त वाद्यात काटकसर झालेली असते ती नेमकी या जागांवर. बाकीच्या चार तारा छान वाजतात आणि पाचवी नुसती धपधपते.

ग्वाल्हेरच्या दुकानांत तबला, ढोलक, हार्मोनियम, साध्या गिटार हवे तितके मिळतात. पाच तारांची बेस मागवावी लागते आणि हातात न घेता तिचे पैसे भरावे लागतात. ते मला मान्य नव्हतं. म्हणून सकाळची गाडी धरून दिल्लीला, दर्यागंजमधल्या नेताजी सुभाष मार्गावरच्या वाद्यांच्या दुकानांत गेले. सोबत माझा चिमट्याचा ट्यूनर, हेडफोनवर ऐकायचा छोटा अ‍ॅम्प आणि नेहमीचा पट्टा. दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर प्रत्येक बेस गोड लागते. रोजच्या कानांनी ऐकायची तर आपलीच साधनं हवीत.

प्रत्येक वाद्यावर मी एकाच क्रमाने हात फिरवला. आधी पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर पांढरी तीन वाजवायची आणि लगेच शेजारची मोकळी तार छेडायची. स्वर तोच, आवाजाचा पोत किती बदलतो ते ऐकायचं. फार बदलला, तर तार जुनी आहे की वाद्यच कमकुवत, हे विचारून तपासायचं. मग बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर ट्यूनरवर पाहायचा. मग डोक्याकडून नेकवर नजर लावून ती पिळलेली नाही ना, हे बघायचं. शेवटी पट्टा अडकवून उभं राहायचं आणि हात सोडायचे. पाच खुंट्यांच्या वजनाने डोकं जमिनीकडे झुकत असेल, तर दोन तासांच्या भजनात डावा हात वाजवण्याऐवजी वाद्य तोलतच बसेल.

आयबानेझची सहा तारांची जीएसआर २०६ तिथे मनसोक्त वाजवून पाहिली. सहा तारा इतक्या आवाक्यातल्या किमतीत मिळतात ही मोठीच गोष्ट आहे. पण तिची नेक माझ्या तळव्याला फार रुंद पडली. पाच तारांच्या वाद्यांतही हाताचा हिशेब करावा लागतो. चार तारांच्या वाद्यात ब्रिजजवळ दोन तारांमधलं अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं. आटोपशीर किमतीच्या पाच तारांच्या बऱ्याच वाद्यांत ते १६ ते १८ असतं. मी बोटांनी वाजवते, ठोकून वाजवत नाही, त्यामुळे जवळच्या तारा मला सोयीच्याच वाटल्या. ठोकून वाजवणाऱ्याला कदाचित तिथेच अडचण येईल.

शेवटी घेतली ती यामाहाची टीआरबीएक्स ३०५, वापरलेली, दिल्लीतल्याच एका वादकाकडून. ३४ इंच लांबी, २४ फ्रेट, मेपल आणि महोगनीच्या पाच पट्ट्या जोडलेली नेक. नवी माझ्या आवाक्याबाहेर होती. तिच्या अंगावर ओरखडे होते, तारा काळ्या पडलेल्या, पण नेक सरळ होती. फ्रेट फारसे झिजलेले नव्हते, आणि नेकचा बाक जुळवणारा ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरत होता. हा शेवटचा मुद्दा वापरलेल्या वाद्यात सगळ्यात महत्त्वाचा. ओरखडे ऐकू येत नाहीत. अडकलेला ट्रस रॉड मात्र दुरुस्त करायला वाद्याच्या निम्म्या किमतीइतका खर्च मागू शकतो. ही बेस बॅटरीवर चालणारी आहे, म्हणून नवी नऊ व्होल्टची बॅटरी टाकून सगळी बटणं फिरवून पाहिली. बावीस हजारांना सौदा झाला.

उरलेल्या आठ हजारांपैकी तीनेक हजार नव्या तारांना आणि दीड हजार सेटअपला गेले. सेटअपवरचा खर्च कधीही कापू नये. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, थोडी उतरवली, पाचव्या तारेचा ब्रिजवरचा आधार मागे घेतला, आणि तेच वाद्य वेगळं बोलायला लागलं.

मोठा अ‍ॅम्प परवडणारा नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. छोट्या स्पीकरमधून ३१ कंपनांचा मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. पण त्याचे ६२ आणि ९३ चे स्वरांश पडतात, आणि आपला कान त्यांवरून खालचा स्वर स्वतः जुळवून घेतो. म्हणून घरी हेडफोन आणि कार्यक्रमात थेट मंडळाच्या मिक्सरला जोडणी, एवढ्यावर काम भागतं. मिक्सरवाल्या दादांना एकच विनंती करते : बेसचं बटण वाढवू नका, जरा मध्यम स्वर वाढवा. खालची तार त्यानेच उठून दिसते.

वाजवण्याची पद्धतही बदलावी लागली. पाचवी तार नुसत्या शेजाऱ्यांच्या कंपनांनीही गुणगुणते. उजवा अंगठा आता एका जागी टेकलेला नसतो. मी वरच्या तारांवर गेले की तोही खालच्या तारांवर सरकत त्यांना गप्प ठेवतो. ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

त्या वर्षीच्या गणपतीत बुवांनी काळी एकचा सा लावला आणि मी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तोच सा खाली धरला. हार्मोनियम आणि पखवाज आपापल्या जागी मोकळे झाले. कार्यक्रमानंतर बुवा म्हणाले, “आज तंबोरा जरा जास्तच भरून वाजत होता, काय केलंस गं?” मी सांगितलं, “बुवा, तंबोरा तोच होता, खाली बेसचा खरज होता.” त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या तालमीची वेळ सांगितली.

पैसे मोजके असतील आणि पहिलीच पाच किंवा सहा तारांची बेस घ्यायची असेल, तर आधी आपले गायक कोणत्या पट्टीत गातात ते लिहून काढा. किती तारा लागतील ते त्यावरून कळेल. एकूण रकमेचा चौथा हिस्सा तारा, सेटअप आणि ऐकण्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवा. नव्या स्वस्त वाद्यापेक्षा सरळ नेकचं, फिरत्या ट्रस रॉडचं जुनं वाद्य बरं. आणि सर्वांत खालची तार स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.