बिननावाचं बटण

बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अंध माणसांना पडदा वाचून दाखवणारं, बोलणारं मशीन बसवून द्यायचं कामही मी करतो. त्यांच्याबरोबर आलेले डोळस नातेवाईक हमखास आवाजाचीच चौकशी करतात. बाईचा आवाज मिळेल का, मराठी बोलतंय का, जरा गोड बोलेल असं काही बसवता येईल का. ज्याला मशीन वापरायचंय तो बहुधा गप्प असतो. त्याला ठाऊक असतं की गाडं आवाजापाशी अडत नाही.

ते अडतं नावापाशी. डॉसच्या काळात पडद्यावर नुसती अक्षरं असत आणि मशीनच्या मेमरीतही ती अक्षरं म्हणूनच असत. वाचक प्रोग्रामनं ती उचलायची आणि बोलायची, एवढंच काम. टेड हेंटर हे मोटरसायकलच्या शर्यतीतले गडी. १९७८ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढं १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीनं डॉससाठी ‘जॉज’ हा असाच वाचक प्रोग्राम काढला. मग विंडोजनं खिडक्या आणल्या, चित्रं आणली आणि पडद्यावर उरले ते रंगीत ठिपके. ठिपक्यांतून ‘सेव्ह’ कसं वाचणार? पहिली काही वर्षं वाचक प्रोग्राम पडद्याचा अंदाज बांधत चाचपडत राहिले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक रीत घालून दिली. प्रत्येक प्रोग्रामनं आपली ओळख आपणच सांगायची: मी बटण आहे, माझं नाव अमुक, आत्ता मी दाबलेलं आहे किंवा नाही. लिनक्सवर हीच देवाणघेवाण एटी-एसपीआय नावाच्या व्यवस्थेतून चालते आणि ‘ऑर्का’ हा तिथला वाचक प्रोग्राम ती ऐकून बोलतो.

एवढं झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण प्रोग्राम लिहिणारा बटणावर चित्र लावतो आणि नाव द्यायचं विसरतो. मग वाचक प्रोग्राम तरी काय करणार? माझ्याकडं शिकायला येणारा एक पोरगा बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. एका अर्जावर तो अडला आणि वैतागून म्हणाला, “अण्णा, हे नुसतं बटण, बटण, बटण म्हणालंय की! कुठलं दाबू?” त्याचा कान तयार आहे, बोटं माझ्यापेक्षा जलद चालतात. पण पडद्यावरच्या त्या तीन बटणांतलं अर्ज पाठवायचं कुठलं आणि पुसून टाकायचं कुठलं, हे त्याला कोण सांगणार? मोबाइलवर टॉकबॅक या ॲण्ड्रॉइडच्या वाचक प्रोग्राममध्ये अशा बटणाला आपल्यापुरतं नाव देता येतं. मी देतोही. ॲप नवीन आलं की ते टिकेलच याची मात्र खात्री नाही.

या कामातला मला सगळ्यात मोठा वाटणारा माणूस पुण्यात वाढला. डॉ. टी. व्ही. रामन. चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली, वाडिया कॉलेजात गणित केलं, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेलमधून १९९४ मध्ये पीएचडी. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ काढलं. पडदा वाचत बसायचंच कशाला, असा त्यांचा सवाल. कॅलेंडरचं उदाहरण घ्या. साधा वाचक प्रोग्राम आकड्यांची ओळ वाचतो, बारा, तेरा, चौदा. डोळस माणूस वर नजर टाकून वार बघतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. रामन यांच्या प्रोग्रामला ती तारीख आहे हे माहीत असतं, म्हणून तो वार, तारीख, महिना, वर्ष असं सरळ सांगतो. पुढं ते गूगलमध्ये गेले आणि ॲण्ड्रॉइड बोलतं करण्यातही त्यांचा हात होता. ईमॅकस्पीक आमच्या गिऱ्हाइकांना झेपत नाही, हेही खरं. आज्ञांचं पाठांतर फार. पण विचार त्यांचाच बरोबर आहे.

झेपतं ते एनव्हीडीए हे विंडोजवरचं वाचक सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं ते २००६ मध्ये सुरू केलं, जेम्स टे हा त्याचा अंध मित्र येऊन मिळाला. फुकट आहे आणि पेन ड्राइव्हवरून चालतं. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीकचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. नातेवाईक नाक मुरडतात. पण वेग दुप्पट-तिप्पट केला तरी तो फाटत नाही आणि बटण दाबताक्षणी बोलतो. सरावलेल्या माणसाला हेच हवं असतं.

आमच्या भागात आणखी एक गंमत आहे. घरातलं बोलणं मराठी, सरकारी कागद कन्नड. ईस्पीकला दोन्ही येतात. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांचे कप्पे वेगळे असल्यानं अक्षर कुठल्या लिपीचं हे मशीनला चुकूनही चुकत नाही. चुकतं ते जुन्या फॉन्टमुळं. श्रीलिपी असो की कन्नडचं नुडी, त्यांच्या जुन्या पद्धतीच्या फायलींत वर दिसायला सुंदर मराठी किंवा कन्नड आणि आत भलतेच संकेत. वाचक प्रोग्राम ते इमानानं वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा पडतो. डीटीपीवाल्यांना मी सांगून थकलो. छापून नीट येतंय ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं.

मशीन तयार झालं की मी मॉनिटर बंद करतो, माउस काढून ठेवतो आणि नुसत्या टॅबवर सगळं फिरून बघतो. विंडोज घालताना कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की ‘नॅरेटर’ बोलायला लागतो. डेबियन लिनक्सच्या सुरुवातीच्या यादीवर एस दाबून एंटर केलं की पुढचं सगळं ऐकत ऐकत बसवता येतं. त्यामुळं पोरांनी आपलं मशीन आपणच फॉरमॅट करावं असा माझा आग्रह असतो. बायोसमध्ये शिरलं की मात्र सहसा सगळं मुकं. तिथं अजून शेजारच्याचे डोळे उसने घ्यावे लागतात, आणि मशीन विकणाऱ्या कंपन्यांना याची लाज वाटायला हवी.

वाचणाऱ्यांपैकी कुणी प्रोग्राम लिहीत असेल तर बटणाला नाव द्या, त्याला मिनिटही लागत नाही. बाकीच्यांना एवढंच सांगणं आहे की लग्नाची पत्रिका किंवा मयताची बातमी व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून टाकाल, तेव्हा खाली नाव, तारीख, वेळ आणि ठिकाण टाइपही करा; वाचक प्रोग्रामला चित्र म्हणजे पुन्हा नुसते ठिपकेच.