कोळ्याचे नाव आणि ओळख



एखाद्या वस्तूचे नाव ठाऊक असणे आणि ती वस्तू ओळखता येणे, या दोन गोष्टी आपण सहसा एकच मानतो. त्या एक नाहीत. हा भेद समजावून घेण्यासाठी आज मी तुमच्यापुढे एक कोळी ठेवणार आहे.

मराठीत ‘कोळी’ म्हणजे पाण्यात जाळे टाकणारा माणूस आणि कोपऱ्यात जाळे विणणारा जीवही. याच जीवाला ‘कातीण’, म्हणजे कातणारी, असाही जुना शब्द आहे. संस्कृतात तो ‘ऊर्णनाभ’, ज्याच्या नाभीत लोकर आहे असा. इंग्रजीतील ‘स्पायडर’ या शब्दाच्या मुळाशीही कातण्याचीच क्रिया आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ‘लूतां’चे, म्हणजे कोळ्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. आपल्या बोलण्यात त्या सोळांचा आता एकच उरला आहे, आणि त्याला जोडलेले विशेषणही बहुधा एकच असते: विषारी.

‘टॅरँटुला’ हा शब्द अलीकडे आपल्या कानी पडू लागला. तो दक्षिण इटलीतील तारांतो या शहरावरून आला. तिथल्या ज्या कोळ्याला हे नाव मिळाले, तो शेतात धावून शिकार करणारा एक वेगळाच कोळी. त्याच्या दंशावर बेभान नाचणे हाच उपाय, अशी लोकसमजूत होती. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांनी मोठे केसाळ कोळी पाहिले आणि जुने नाव त्या नव्या जीवांना देऊन टाकले. आज जगभर ते नाव या दुसऱ्या कुळालाच चिकटले आहे. शब्दांचे स्थलांतर असे होते; वस्तू मागे राहते, नाव पुढे जाते.

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथील माझ्या एका विद्यार्थ्याला बांधाचे दगड हलवताना असाच केसाळ, जाड पायांचा कोळी सापडला. त्याने तो बरणीत ठेवला आणि संपर्कसत्रानंतर मोबाइलवरील छायाचित्र दाखवून मला विचारले, “सर, ही टॅरँटुलाची लहान जात असेल का? लहान असली तर पाळता येईल, असे मित्र म्हणतात.”

या प्रश्नातला ‘लहान’ हा शब्द तपासून पाहा. लहान दिसणारा कोळी लहान जातीचा प्रौढ असेल किंवा मोठ्या जातीचे पिल्लूही असेल. रंगावरूनही निर्णय होत नाही. वयाप्रमाणे आणि कात टाकल्यावर रंग बदलतो. विषदंत एकमेकांना समांतर असून खालच्या बाजूला वळलेले असतील, तर या मोठ्या गटापर्यंत पोहोचता येते. नेमकी जात ठरवण्यासाठी अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली मादीची शुक्रधानी आणि नराच्या मुखाजवळील स्पर्शपादाचे टोक पाहतात. मादीची शुक्रधानी तर तिने टाकलेल्या कातेतही दिसू शकते. त्यासाठी तिला मारावे लागत नाही.

भाषाविज्ञानात आपण वेगळे काय करतो? ‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द कोणी बारीक आवाजात म्हणो वा घोगऱ्या, अर्थ बदलत नाही. ‘ल’च्या जागी ‘ळ’ आला की बदलतो. कोळ्याचा रंग हा बोलणाऱ्याच्या आवाजासारखा आहे. शुक्रधानीची घडण ही ‘ळ’सारखी. कोणता भेद अर्थपूर्ण आणि कोणता नाही, हे ठरवता येणे म्हणजेच ओळखणे.

अशा ओळखीतूनच २०१४ साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी मुंबईच्या आरे वसाहतीतील एका लहान टॅरँटुलाचे नवी जाती म्हणून वर्णन केले. तिचे नाव हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. महानगराच्या पोटातील एक जीव तोवर निनावी होता. आज आरेचे नाव त्या जीवासोबत चालते.

परंतु नावाबरोबर गिऱ्हाईकही येते. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथील नमुन्यावरून पोकॉक यांनी १८९९ साली वर्णिलेला निळा कोळी आज परदेशांतील छंदिष्टांच्या काचपेट्यांत आहे. त्याच्या मूळ जंगलात मात्र तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. त्याची संपूर्ण प्रजाती २०१९ साली ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रण कराराच्या परिशिष्टात घ्यावी लागली. टॅरँटुलाच्या माद्या बरीच वर्षे जगतात. एक प्रौढ मादी उचलली, की त्या बांधावरच्या पुढच्या अनेक पिढ्या उचलल्या जातात.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी जातीचे नाव सांगितले नाही. छायाचित्रावरून ते सांगताही आले नसते. बिळात राहणाऱ्या कोळ्याला खोल माती, ओल आणि अंधार लागतो. बरणीत यातले काहीच नसते. कात टाकताना तो उताणा पडतो, आणि मेला असे समजून माणसे त्याला फेकून देतात. “जिथून उचललास तिथेच, त्याच दगडाखाली सोड,” एवढे मी म्हणालो. “आणि जागा, तारीख, माती, बिळाचे तोंड, तोंडाशी रेशीम आहे की नाही, हे सारे वहीत लिही.” त्याने तसे केले. पाळण्याची हौस वहीत भागली, आणि कोळी बांधात राहिला.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण शेतात, कारखान्यात, दुकानात काम करून हा अभ्यास करीत आहात. तुमच्या गावच्या बोलीत कोळ्याला, त्याच्या जाळ्याला, त्याच्या बिळाला कोणते शब्द आहेत? वडीलधाऱ्यांना विचारा आणि जसा उच्चार ऐकाल तसाच लिहा. कोणत्या घरात, कोणत्या वयाच्या माणसाने तो शब्द वापरला, तेही नोंदवा. शब्द ‘शुद्ध’ करून लिहू नका. तसे करणे म्हणजे कोळ्याला बरणीत घालणे होय. आधी नीट पाहावे, मग नाव द्यावे. जीवांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि बोलींच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.