बटव्याची गाठ

माझ्या आईजवळ एक बटवा आहे. खणाचा, तोंडाशी नाडी असलेला, आणि मूळचा रंग कोणता हे आता तिलाही सांगता येणार नाही असा. त्यात वेखंड, जायफळ, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा ही मंडळी कित्येक वर्षे गुण्यागोविंदाने नांदत आहेत. वसईतल्या आमच्या वाडीत कुणाचे पोट दुखले की सहाण पुढे येते आणि बटव्याची गाठ सुटते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे मला कोणत्याही विषयावर पाऊण तास बोलता येते, असे आमच्या सौ.चे मत आहे. बटव्यावर तर मी पुष्कळ बोललो आहे. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या संशोधन परिषदेने झुंजून १९९७ साली ते रद्द करविले, ही कथा मी फार रंगवून सांगतो. कुंपणाच्या अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून बेतलेले ब्रोमहेक्सिन आज खोकल्याच्या बाटल्यांत असते, हे सांगताना तर माझा आवाज उगाचच चढतो.

बोलण्याबरोबर करण्याचीही हौस आहे. एका पावसाळ्यात जुन्या पिंपाला भोके पाडून मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचे खत करायला घेतले. चार दिवसांत असा वास सुटला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या! आईने पिंपात डोकावून एवढेच म्हटले, "अरे, नुसते ओले कुजवतोस काय? सुका पाचोळा घाल, आणि मधूनमधून हलव." दीड-दोन महिन्यांनी पिंपात काळीभोर माती तयार झाली. तीवर पुढे मी एक व्याख्यान दिले, हे सांगायला नकोच.

आता जी गोष्ट सांगायची, तीत मात्र मिरवण्यासारखे काही नाही. आमच्या घरामागे एक बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीच्या शिंपणासाठी पूर्वजांनी खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू मुरते आणि आसपासच्या विहिरींना पुरवते. पूर्वी त्यावर रहाट फिरे. त्या पाण्यावर केळी आणि पानवेली पोसल्या जात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या चळवळीत याच पाण्यासाठी आणि झाडांसाठी माणसे घराबाहेर पडली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. वडिलांचे बोट धरून एका सभेला गेल्याचे आठवते.

आणि तोच मी, २०१८ सालच्या जून महिन्यात, हे बावखल बुजवायला निघालो होतो. कारण एवढेच, की गाडी घेतली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. मातीच्या डंपरचा भावही विचारून आलो. आई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला तिची जास्त भीती वाटते.

जुलैत पाऊस असा कोसळला की वसई-विरार पाण्यात गेले, लोकल बंद पडल्या. मी गुडघाभर पाण्यातून घरी आलो. ज्या गल्लीत पाणी सर्वांत खोल होते, तिथे माझ्या लहानपणी दोन बावखले होती. पायाला थोडे खरचटले, तिकडे लक्ष दिले नाही.

आठव्या दिवशी ताप भरला. डोळे लाल झाले, पोटऱ्या कुणी पिळून काढाव्यात तशा दुखू लागल्या. सौ. म्हणाली, डॉक्टरांकडे चला. मी म्हणालो, छे! गवती चहा, आले, तुळस आणि मिरी यांचा काढा कर. दोन दिवस काढा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मागितला, तर आई रिकाम्या हातांनी आली.

"काढा संपला," ती म्हणाली. "रिक्षा दारात उभी आहे."

"अगं, पण तुझा बटवा..."

"बटव्याला नाडी कशाला असते रे? जिथे आपले चालत नाही, तिथे गाठ मारायची. माझी सासू ज्या तापाला हात लावत नसे, त्याला मी लावणार नाही. ऊठ."

रक्त तपासल्यावर कळले, लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात आणि तिथून पायाच्या खरचटीतून अंगात शिरणारा रोग. मूत्रपिंडापर्यंत पोचण्याआधी आलात हे बरे, असे डॉक्टर म्हणाले. प्रतिजैविके चालू झाली. पडल्यापडल्या मला त्या गल्लीतली दोन बावखले आठवत राहिली. पाण्याची जागा आपण घेतली होती. पाणी रस्त्यावर आले, आणि रस्त्यावरून माझ्या घरात.

घरी परतल्यावर पहिल्यांदा डंपरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितले. गाडी अजून रस्त्याच्या कडेला उभी असते. शेजारच्या आंब्यावरचे कावळे तिची रोज पूजा बांधतात. बावखलाच्या काठाने मी अडुळशाच्या फांद्या खोचल्या, त्या सगळ्या जगल्या.

परवा दिवाळीच्या साफसफाईत बटवा हाती लागला. नाडी पार विरली होती. मी नवी ओवली आणि आईला दिली. तिने गाठ मारून पाहिली, सोडून पाहिली, आणि मग माझ्याच हातात ठेवली.