सूनबाईचं ग्राफिक्स कार्ड

उन्हाळी वाळवणाच्या लेखानंतर ही बाई एकदम कॉम्प्युटरवर कशी आली, असं वाटेल. पण हाही घरसंसाराचाच विषय आहे.

आमची सूनबाई इंटिरिअर डिझाइनचं काम घरूनच करते. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती लोकांची स्वयंपाकघरं उभी करते आणि त्यांचं खऱ्यासारखं चित्र काढते. त्याला रेंडर म्हणतात. घरातला कॉम्प्युटर २०१८ चा. आय-फाइव्ह ८४००, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच. एकेका चित्राला पाऊण तास लागायचा आणि मध्येच सगळं अडकून बसायचं. बिचारी आमच्याबरोबर दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची आणि रात्री अकरापर्यंत पुन्हा त्याच्यापुढे बसायची. जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईक उशिरामुळे हातचं गेलं, तेव्हा विषय निघाला.

ह्यांचं म्हणणं, "ग्राफिक्स कार्ड तर पोरं गेम खेळायला घेतात." मुलाच्या मोटरसायकलचे हप्ते सुरू झाले तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी ते बोलून दाखवलं. सून घरात बसून काम करते, म्हणून ते कुणाला काम वाटत नाही. तुमच्याकडेही असंच असेल, बघा.

दुकानदाराने नव्या कॉम्प्युटरचे पंच्याऐंशी हजार सांगितले. माझं परिग्रह-परिमाण व्रत आहे. चालती वस्तू टाकून नवी आणायची तर मला आधी कारण पटावं लागतं. मी सूनबाईलाच विचारलं, "नेमकं काय कमी पडतंय?" तिने वहीत मांडून दाखवलं.

खरा मुद्दा विजेचा निघाला. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायपासून वेगळी वायर जोडावी लागते, आणि आमच्या पॉवर सप्लायला ती नव्हतीच. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटमध्ये भागवतं. त्याच नावाचं ८ जीबीचं १३० वॅट खातं! तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, खोक्यावरचं वाचा. कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल का, तेही टेपने मोजून घ्या.

रॅमच्या खाचा दोनच, दोन्हीत ४ जीबीच्या पट्ट्या. त्या काढून १६ च्या दोन घेतल्या. दुकानात डीडीआर५ दाखवतील, पण जुन्या डीडीआर४ च्या खाचेत ती बसतच नाही. ३२०० लिहिलेल्या पट्ट्या आमच्याकडे २६६६ नेच चालतात, म्हणून वेगासाठी जास्तीचे पैसे मोजले नाहीत. सगळं मिळून चोवीस हजारांच्या आत आलं. हे २०२५ च्या चातुर्मासाच्या तोंडावर. त्याच वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव भडकले. आता घेणार असाल तर आधी चार ठिकाणी चौकशी करा.

कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा थर आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. सूनबाई ब्लोअर घेऊन आली होती. तिला थांबवलं. रंगाच्या मऊ ब्रशने कोळी हलकेच कागदावर घेतला, परसातल्या जास्वंदीवर सोडला, मग धूळ काढली. यात पाच मिनिटं गेली असतील.

बाकी काम साधं. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पट्टी खाचेत दोन्ही टोकांनी "टक" होईपर्यंत दाबायची. मॉनिटरची केबल मदरबोर्डाऐवजी नव्या कार्डाला जोडायची. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडावं लागतं, नाहीतर ते नुसतं बसून राहतं.

पाऊण तासाचं चित्र आता सात-आठ मिनिटांत होतं. ह्यांनी पहिल्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं, बोलले काही नाहीत. परवा मात्र पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या सूनबाईचं ऑफिस वरच्या खोलीत आहे."

जुन्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या फडताळात आहेत, चांगल्या चालू. कुणाच्या मुलाच्या डीडीआर४ च्या कॉम्प्युटरला लागत असतील तर घेऊन जा, पैसे नकोत.