घर भाड्याचं, आठवण ओनरशिपची!

भाड्याचं घर सोडताना आपण काय नेतो? गाद्या, कुकर, पुस्तकांची खोकी आणि नशीब असेल तर पूर्ण डिपॉझिट. अंधारातही हाताला बरोब्बर सापडणारं बटण, जरा वर उचलल्याशिवाय न लागणारी कडी मात्र तिथंच राहते. दो हो सू हा कोरियन शिल्पकार नेमकं हेच सोबत नेतो. म्हणून तो मला एकदम आपल्यातला वाटतो.

जन्म १९६२चा, सोलमधला. वडील सू से-ओक नामवंत चित्रकार. ‘हानोक’ म्हणजे पारंपरिक लाकडी घरात दो हो वाढला. १९९१ मध्ये शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथं घराची आठवण यायला लागली. तुम्ही-आम्ही आईला फोन करतो. यानं मापं घेतली! १९९९ मध्ये सोलचं ते घर हिरवट रेशमात शिवलं, तेही खऱ्या आकाराचं. घडी घाला, बॅगेत भरा, पुढच्या शहरात छताला टांगा. प्रत्येक मुक्कामागणिक नावात भर : ‘सोल होम/ एल.ए. होम/ न्यूयॉर्क होम...’ अगदी आपल्या बायोडेटासारखं.

मग न्यूयॉर्कचा भाड्याचा फ्लॅट कापडात आला. दाराची मूठ, बेसिन, फ्रिज, सगळं आरपार दिसणारं.

पण मला जास्त भिडतं ते त्याचं नंतरचं काम, ‘रबिंग/लव्हिंग’. त्या फ्लॅटच्या भिंती-फरशांवर त्यानं पांढरा कागद चिकटवला आणि रंगीत पेन्सिलींनी घासत सुटला. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो, तस्संच. कोरियन कानांना ‘घासणं’ आणि ‘प्रेम करणं’ हे दोन इंग्रजी शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून हे नाव. सोलचं घरही त्यानं बाहेरून असंच कागदात गुंडाळून घासलं. २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ते मांडलं गेलं.

कापडासाठी माप पुरतं. घासायला मात्र प्रत्येक इंचाला हात लावावा लागतो. माझ्या मते त्याचा खरा प्रवास हाच आहे, मापाकडून स्पर्शाकडे.

घर कुणाच्या नावावर, हे रजिस्ट्रारच्या ऑफिसात महत्त्वाचं. पण अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणारे आपण ‘स्वतःचं होईल तेव्हा बघू’ म्हणत भिंतीवर साधं कॅलेंडरही लावत नाही. दो हो थांबला नाही. फ्लॅट भाड्याचाच होता, त्यातले दिवस मात्र त्याचेच होते.