सोळा फुटांचा खर्ज

यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचा छोटा स्पीकर काढला, तो दिवाणखान्यासाठी. काळी पेटी, पांढराशुभ्र कागदी कोन. घरी गाणं ऐकणाऱ्यांना तो रुचला नाही. बास बेताचा आणि वरचे स्वर टोचणारे. मग रेकॉर्डिंग इंजिनियरांनी त्याला उचललं, मिक्सिंग कन्सोलच्या माथ्यावर आडवा ठेवला आणि जगभरच्या स्टुडिओंत तो वीसेक वर्षं ठाण मांडून बसला. त्याचा ट्वीटर कानाला इतका लागायचा की लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे, पण स्पीकर काही बदलायचे नाहीत. याच्यावर जे गाणं बरं वाजलं ते कुठेही बरं वाजणार, असा त्याच्याविषयीचा भरवसा होता. कोनाला लागणारा लगदा मिळेनासा झाला तेव्हा, २००१ मध्ये, त्याचं उत्पादन थांबलं. बीबीसीच्या एलएस३/५ए या स्पीकरचा प्रवास नेमका उलटा. बाहेर जाऊन कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्या गाडीत जागा कमी, म्हणून हा चिमुकला मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण पारखायचा स्पीकर, बीबीसीच्या इंजिनियरांनी सत्तरच्या दशकात घडवला, आणि पुढे तो हौशी श्रोत्यांच्या बैठकीच्या खोल्यांत इतका लाडका झाला की त्याच्या जुन्या जोड्या अजून जपून ठेवल्या जातात.

म्हणजे घर आणि स्टुडिओ यांच्यातली ये-जा जुनीच आहे. तरी स्टुडिओचा मॉनिटर घरात आला की घरच्यांना तो परका वाटतो, हेही खरं. आमच्याकडे एकदम दोन जोड्या आल्या. एका मित्राच्या स्टुडिओत सुतारकाम निघालं होतं, सामान कुठेतरी हलवायचं होतं, आणि दोहोंपैकी एक जोडी त्याला विकायची होती. ‘‘तूच ऐकून ठरव, कुठली ठेवतोस,’’ असं म्हणून तो मोकळा झाला. एका जोडीच्या पैशात छोटी मोटार येते, हे मी घरात लगेच सांगितलं नाही.

पहिली जोडी जेनेलेकची, ८३४१. एनएस-१० निघाला त्याच १९७८ साली फिनलंडमधल्या ईसाल्मी गावी ही कंपनी सुरू झाली, तिथल्या नभोवाणीची गरज भागवायला. अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत, कोपरे नसलेली पेटी. समोरून बघावं तर एकच वर्तुळ दिसतं, त्यात मधोमध ट्वीटर. बास वाजवणारे वूफर दिसतच नाहीत. ते पुढच्या पत्र्याआड दडलेले असतात आणि वरखालच्या फटींतून बोलतात. दुसरी जोडी नॉयमानची, केएच ३१०. मायक्रोफोनसाठी जगभर नाव असलेल्या या जर्मन घराण्यात स्पीकर आले ते क्लाइन अँड हुमेलच्या वारशातून. पेटी पूर्ण बंद, हवेला बाहेर पडायला भोक नाही. मधल्या स्वरांसाठी तीन इंचांचा कापडी घुमट. डावा स्पीकर उजव्याचा आरशातला जुळा.

तुलना करायची तर आधी आवाज सारखा करावा लागतो. दोहोंत एखाद्या डेसिबलचा फरक राहिला तर कान ‘हा मोठा आहे’ असं म्हणत नाही. ‘हा चांगला आहे’ असं म्हणतो. दुकानात सगळी फसगत इथेच होते. शिवाय डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीत केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआड ऐकले, एकदा उघड्यावर. दिसायला लागल्याबरोबर गुण बदलले. देखणे, मोठे स्पीकर वर गेले आणि पडद्याआड चांगली कामगिरी केलेला छोटा स्वस्त संच खाली घसरला. ऐकणारे कंपनीचेच लोक होते, त्यांना यातलं कळत होतं.

म्हणून मुलीला कामाला लावलं. ‘‘बाबा, मागे वळून बघू नकोस,’’ एवढं बजावून ती कळ फिरवायची. पंखा बंद. एप्रिलमध्ये पुण्यात पंखा बंद करून अल्हैया बिलावल ऐकणं ही श्रोत्याची तपश्चर्याच म्हणायची. पण पंखा सुरू असला की तंबोऱ्याच्या जवारीतले वरचे बारीक स्वर त्याच्या घरघरीत बुडतात, आणि दोन्ही जोड्यांतला खरा फरक तर त्या बारकाव्यातच होता.

जुन्या भावगीतांच्या मोनो ध्वनिमुद्रिका लावल्या तेव्हा मोठी मौज आली. मोनो म्हणजे गरिबाचं स्टीरिओ असा समज आहे, पण स्पीकरची परीक्षा मोनोतच कडक होते. डावं-उजवं पसरवून काही लपवता येत नाही. दोन्ही पेट्यांतून हुबेहूब तेच निघालं तर गायक बरोबर मधोमध उभा राहतो, जिथे स्पीकर नाही तिथे. जेनेलेकवर तो असा टोकदार उभा राहिला की बोट दाखवून जागा सांगता यावी. नॉयमानवर तो किंचित रुंद झाला, पण त्याच्या छातीतला आवाज अधिक जाणवला. तबल्याचा बायाँ नॉयमानवर जास्त पटला. मनगट दाबून काढलेली मींड कुठे सुरू झाली आणि कुठे विझली ते स्वच्छ कळत होतं. पेटी बंद असल्याचा तो गुण असावा. किशोरीताईंच्या भूपातलं स्वरमंडल मात्र जेनेलेकवर असं सुटं ऐकू आलं की एकेक तार मोजावी.

दोन्ही जोड्या लबाडी करत नाहीत. जुन्या फितीची सळसळ, गायकाने घेतलेला श्वास, नंतर मिसळलेला प्रतिध्वनी, सगळं मांडून ठेवतात. काही आवडत्या रेकॉर्डी त्यामुळे नावडत्या झाल्या, काही नुसत्याच जुन्या झाल्या. याबद्दल मॉनिटरला दोष देण्यात अर्थ नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फरक स्पीकरमध्ये नव्हताच. आमचा हॉल सोळा फूट लांब आहे. काळी एकचा षड्ज लावणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते, आणि त्या कंपनाची लाट हवेत सोळा फुटांच्या आसपास लांब असते. लाट आणि हॉल एका मापाचे. त्यामुळे हा एकच स्वर समोरच्या आणि मागच्या भिंतीत अडकून ठरलेल्या जागी फुगतो, ठरलेल्या जागी मरतो. माझी खुर्ची बरोबर मध्यावर, म्हणजे फुगवट्यात. तिथे बसलेला कुणीही म्हणेल, वा, काय भरदार तंबोरा! खुर्ची चार फूट मागे न्या, खर्ज गायब. स्पीकर तोच, गायक तोच, तार जणू उतरली. आणखी मागे जाऊन भिंतीलगतच्या सोफ्यावर टेका, खर्ज पुन्हा हजर. सिमेंट-विटांच्या भिंती हा खेळ आणखी रंगवतात. लाकडी सांगाड्याच्या भिंतीतून बास थोडा तरी निसटतो, आमच्या भिंती तो परत करतात. लोखंडी कपाटाची कडी त्यात आपली साथ देते.

जेनेलेकसाठी एक मायक्रोफोन आणि सॉफ्टवेअर मिळतं. कानाच्या जागी मायक्रोफोन ठेवायचा, स्पीकर एक शिट्टी खालून वर ओढतात, आणि पडद्यावर हॉलची कुंडली उमटते. सत्तरच्या आसपास डोंगर होताच. यंत्राने तो छाटला. मग तीच रेकॉर्ड लावली तर तंबोरा बारीक झाला, पण ख्याल उजळला. आधी खर्जाच्या ओलाव्यात बसलेले शब्द कोरडे होऊन वर आले. मित्राच्या हिशोबाने इथे प्रश्न संपला.

माझा संपला नाही. घरात वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे, पुरुषी, मोठ्या भोपळ्याचा. तो काढला, काळी एकला लावला, हॉलमध्ये बसून छेडला. खर्ज तसाच फुगला. हॉल त्यालाही सोडत नाही. आता या तंबोऱ्याला कुणी म्हणणार नाही की तू खोटा वाजतोस, तुझ्यातून सत्तरचा डोंगर वजा कर. तो ज्या खोलीत वाजतो त्या खोलीसकट तो तंबोरा असतो. वाडा, देऊळ, मांडव, जिथे जिथे गाणारे गायले तिथे भिंतींनी किंवा भिंतींच्या अभावाने आपली भर घातलीच. मग रेकॉर्डमधल्या तंबोऱ्याचीच खोली का पुसायची? याला उत्तर आहे, आणि ते मित्राच्या बाजूचं आहे. रेकॉर्डमध्ये एक खोली आधीच भरलेली असते, मायक्रोफोन लावला होता ती. माझा हॉल तिच्यावर दुसरी खोली चढवतो. दोन खोल्या एकात एक घुसल्या की गायक कुठेच बसलेला नसतो. हे पटतं. तरी छाटलेल्या खर्जाबद्दल रुखरुख उरते, आणि ती मी कुठल्या आलेखात बसवू शकलेलो नाही.

मित्राने भिंतींना लोकरीचे जाड तक्ते लावायला सुचवलं. किती जाड, असं बायकोने विचारलं. या स्वराला खरोखर गिळायचं तर लाटेच्या पाव भागाएवढे, म्हणजे चार फूट, हे त्यानेच कबूल केलं. त्यावर हिने हॉलकडे एकदा आणि त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि विषय तिथेच मिटला.

जेनेलेक ठेवले. बायाँसाठी नॉयमानची आठवण येते, पण यंत्रात दोन पानं साठवता येतात याचं मला फार अप्रूप आहे. एक डोंगर पूर्ण छाटलेलं, एक अर्धाच. ख्यालाला पहिलं, संध्याकाळी नुसताच तंबोरा ऐकायचा असेल तर दुसरं. मधोमध ठेवलेल्या खुर्चीमुळे जाण्यायेण्याची वाट अडते, असा आक्षेप मात्र घरातून आला, आणि तो रास्त होता. खुर्ची दोन फूट मागे सरकली. त्याने फुगवटा आपोआपच थोडा उतरला, आणि मायक्रोफोन मांडून सगळी मोजणी पुन्हा करणं आलं.